'टिपणीत काय लिहू?' : विज्ञान-धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचा आराखडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नऊ माणसांची संस्था, सात वर्षं झाली. भूजल, शहरातली हवा आणि शाळांमधलं विज्ञानशिक्षण या तीन विषयांवर अभ्यास करून तुम्ही सरकारला शिफारशी करता. सगळ्यात मोठं अनुदान दीड वर्षात संपतंय. विश्वस्तांनी पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन मागितलाय, एक सल्लागार त्याचे सहा लाख मागतोय, आणि तुम्हाला एखादा चांगला नमुना हवा आहे.

नमुना देत नाही. माझ्याकडे चार-पाच आहेत, त्यातले दोन मीच लिहिलेले, आणि ते दोन्ही कपाटातून कधी बाहेर आले नाहीत. बावीस वर्षं मी अशाच संस्थांमध्ये काढली. आधी संशोधक, मग संचालक, आता दोन ठिकाणी विश्वस्त. माझा पहिला आराखडा चौसष्ट पानांचा होता. त्यात व्हिजन होतं, मिशन होतं, स्वॉटचा (बळ, उणिवा, संधी, धोके) चौकोन होता, पाच 'स्तंभ' होते. कोणत्या विषयांचा अभ्यास करायचा हे त्यात नीट सांगितलं होतं. तो अभ्यास कोणाच्या हातात, कोणत्या महिन्यात, कशासाठी पडायला हवा, याबद्दल चौसष्ट पानांत एक ओळ नव्हती.

ती ओळ मला नंतर मंत्रालयात एका कक्ष अधिकारी बाईंनी दिली. आमचा सव्वाशे पानांचा इंग्रजी अहवाल घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी तो खरंच चाळला, दोन तक्ते पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, अहवाल चांगला आहे. पण मी टिपणीत काय लिहू?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समोरची एक नस्ती, म्हणजे फाइल, उघडून तिच्यातली टिपणी दाखवली. सुरुवातीला मागचा संदर्भ, मग प्रस्ताव काय आहे ते चार ओळींत, कोणत्या कायद्याच्या किंवा शासन निर्णयाच्या आधारे, आर्थिक भार किती, कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली), वित्त विभागाचे अभिप्राय घेतले का, आणि शेवटी 'आदेशार्थ सादर'. हे सगळं मराठीत. आमच्या सव्वाशे पानांत यातलं एकही वाक्य जसंच्या तसं उचलता येण्यासारखं नव्हतं. लेखाशीर्ष हा शब्द तर आमच्या ऑफिसात कोणी उच्चारलाही नव्हता.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की तुमच्यासारख्या संस्थेचा आराखडा विषयांपासून सुरू करू नका, निर्णयांपासून करा. पुढच्या तीन वर्षांत सरकारी किंवा वैधानिक यंत्रणा असे कोणते चार-पाच निर्णय घेणार आहेत, ज्यात तुमच्या विज्ञानाने फरक पडू शकतो? प्रत्येकावर सही कोणाची? साधारण केव्हा? आणि त्या आधी त्या टेबलावर कोणता कागद लागतो? हे लिहून काढलं की विषय, माणसं, पैसा, सगळं आपोआप रांगेत येतं. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक संशोधकाचा आवडता विषय 'स्तंभ' होतो आणि इमारत काही उभी राहत नाही.

आधी मागे वळून बघा. एक दिवस काढा. गेल्या सात वर्षांत तुम्ही काढलेला प्रत्येक अहवाल, निवेदन, सादरीकरण एकेका चिठ्ठीवर लिहा आणि मोठ्या टेबलावर पसरा. चिठ्ठीच्या मागे लिहायचं: हे कोणासाठी होतं, त्या माणसाच्या हातात ते पडलं का, आणि त्याने त्यानंतर काय वेगळं केलं. 'जनजागृती झाली' असं लिहायला बंदी. आम्ही हे केलं तेव्हा सदतीस चिठ्ठ्यांपैकी सहांच्याच मागे काही लिहिता आलं. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. पण त्या सहांमध्ये एक साम्य सापडलं. सहाही वेळा आम्ही वेळेआधी पोचलो होतो आणि कोणीतरी आम्हाला विचारलेलं होतं. आपणहून पाठवलेला, विषय थंड असताना पोचलेला एकही अहवाल त्या सहांत नव्हता.

आता तुमचे विषय घेऊ.

भूजलात तुमच्याकडे खरं बळ आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. आणि महाराष्ट्रात इथे निर्णयांची कमतरता नाही. राज्याचा मोठा भाग बेसाल्टचा. पाणी मुरतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे एका गावाचा हिशोब शेजारच्या गावाला लागू पडेलच असं नाही. महाराष्ट्र भूजल कायदा २००९ चा, अंमलात आला २०१४ मध्ये, आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी आला २०१८ मध्ये. या तीन तारखा तुमच्या विश्वस्तांना नुसत्या फळ्यावर लिहून दाखवा. कायदा आणि त्याच्या नियमांचा मसुदा यांच्यात नऊ वर्षं गेली, आणि तुमचं अनुदान असतं तीन वर्षांचं. म्हणजे एखाद्या देणगीदाराच्या प्रकल्पाच्या मुदतीत 'धोरण बदललं' असं दाखवण्याचं वचन देणं हे बहुतेक वेळा खोटं असतं. प्रकल्पाच्या मुदतीत जे दाखवता येतं ते एवढंच, की अमुक मसुद्यावर आपण वेळेत, वापरता येईल अशी हरकत दिली.

त्याच कायद्याखाली राज्य भूजल प्राधिकरणाचं काम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण ठोक पाणीपट्टीचे दरही ठरवतं, दर तीन वर्षांनी, लोकांच्या सूचना मागवून. माझ्या दृष्टीने तुमच्यासारख्या संस्थेला असा दरवाजा म्हणजे सोनं, कारण तो ठरल्या वेळी कायद्यानेच उघडतो. त्याच्या आठ-दहा महिने आधी तुमचा अभ्यास तयार हवा. खाली गावपातळीवर अटल भूजल योजनेने (सात राज्यांत राबवली गेलेली सहा हजार कोटींची योजना, महाराष्ट्र त्यातलं एक) ग्रामपंचायतींना पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावायचा प्रयत्न केला. त्या ताळेबंदांचं पुढे काय होतं, त्यावरून पीक बदलतं का, बोअर थांबते का, हा प्रश्न घेणारी संस्था हवी आहे. मी तुमच्या जागी असते तर सत्तर टक्के ताकद इथे लावली असती.

हवेचं वेगळं आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये आला. २०१७ च्या तुलनेत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचे असं सुरुवातीचं उद्दिष्ट होतं, नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के झालं. पैसा महापालिकांकडे आला, आणि तो रस्त्यावरची धूळ, झाडणयंत्रं, कारंजी यांकडे जास्त का वळतो हे महापालिकेत थोडं फिरलं की कळतं: ती खरेदी करायला सोपी असतात. इथे निर्णय होतो तो अंदाजपत्रकात. आयुक्त ते स्थायी समितीसमोर ठेवतात तेव्हा खातेप्रमुखांच्या मागण्या कधीच्या गोळा झालेल्या असतात. तुम्ही जानेवारीत पत्रकार परिषद घेता, असं लिहिलंय. दिवाळीच्या सुमारास पर्यावरण विभागाच्या उपअभियंत्याकडे एका पानाची, दरपत्रकासह मागणी घेऊन गेलात तर त्या परिषदेची गरजही कदाचित पडणार नाही. हवेत एकच शहर, एकच मागणी धरा. बाकी शहरांतल्या मंडळींना पद्धत सांगा आणि मोकळे व्हा.

शाळांतलं विज्ञान सोडा. हे वाचून तुमच्या सहकाऱ्यांपैकी दोघं तरी रागावतील. विषय वाईट नाही. पण पाठ्यपुस्तकं, अभ्यासक्रम, शिक्षकभरती हे निर्णय जिथे होतात तिथे तुमचं कोणी बसत नाही आणि नऊ माणसांत ते होणारही नाही. तुम्ही तो विषय धरून ठेवलाय त्याचं खरं कारण, मला वाटतं, सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसा त्यालाच मिळतो हे आहे. मग तसं उघडपणे लिहा: हे आमचं सेवाकार्य आहे, धोरणकार्य नाही. त्याचा हिशोब वेगळा, माणसं वेगळी, आणि त्यातून ऑफिसच्या भाड्याचा योग्य वाटा निघाला पाहिजे. निघत नसेल तर दुसऱ्या संस्थेकडे सोपवा.

वेळापत्रक हा आराखड्याचा कणा असतो, आणि बहुतेक आराखड्यांत तोच नसतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून आपण मार्चमध्ये नियोजन करतो, तेव्हा मंत्रालयात पुढच्या वर्षाचा सगळा खेळ संपलेला असतो. भिंतीवर विधिमंडळाची तीन अधिवेशनं लावा: अर्थसंकल्पी मुंबईत, पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, पुरवणी मागण्या, यातलं काय कशासाठी वापरता येतं ते एका संशोधकाला शिकून घ्यायला सांगा. आमदारांना अहवाल नको असतो, त्यांना एक नेमका प्रश्न आणि त्यामागचे तीन आकडे हवे असतात, आणि ते आकडे त्यांच्या मतदारसंघाचे असले तर फारच बरं. त्यावर निवडणुकांचं वेळापत्रक घाला. आचारसंहिता लागली की दीड-दोन महिने नवीन काही हलत नाही, तो काळ क्षेत्रकामाला ठेवा. आणि वर्षातला निदान दहावा हिस्सा वेळ कोणत्याही कामाला बांधू नका. कारण मसुदे सांगून येत नाहीत. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. तीस दिवसांत नवा अभ्यास होत नाही, आधी केलेला फक्त वापरता येतो. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तो टाळेबंदीत. मुदत वाढवायला आणि मसुदा प्रादेशिक भाषांत आणा असं सांगायला शेवटी दिल्ली उच्च न्यायालय लागलं. तेव्हा ज्या संस्थांची माणसं प्रकल्पांच्या अहवालात गळ्यापर्यंत बुडालेली होती त्यांनी दुसऱ्याच्या पत्राखाली सही करण्यापलीकडे काही केलं नाही. त्यात आम्हीही होतो.

आता जरा पश्चिम घाटाकडे येते, कारण विज्ञान उत्तम असून धोरण कसं अडतं याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याकडे नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालचा पश्चिम घाटाचा अभ्यासगट केंद्राने मार्च २०१० मध्ये नेमला. अहवाल ऑगस्ट २०११ च्या अखेरीस सादर झाला. पुढे नऊ महिने तो लोकांना मिळालाच नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश, मग दिल्ली उच्च न्यायालय, आणि मे २०१२ मध्ये तो बाहेर आला. तोवर घाटातल्या गावांत त्याच्याविषयी 'आता घरावर कौलही बदलता येणार नाही' अशा अफवा पोचल्या होत्या, अहवाल मात्र पोचला नव्हता. अहवाल स्थानिक भाषांत न्या, ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांचं ऐका, असं गाडगीळ सतत सांगत राहिले. त्याऐवजी कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला गेला, त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला, त्याने घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्राला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हटलं, आणि मार्च २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमधल्या दरडींच्या दुसऱ्या दिवशी.

मी हे सांगते ते सरकारला नावं ठेवायला नाही. त्या अहवालात कोणतं विज्ञान कमी होतं? काहीच नाही. कमी होती ती अहवाल आणि सहा राज्यांतली गावं यांच्यामध्ये वर्षानुवर्षं उभी राहणारी माणसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, पाटण-जावळीत बसून 'यात तुमच्या गावाबद्दल हे लिहिलंय, हे लिहिलेलं नाही' असं मराठीत सांगणारी, आणि गावाचं म्हणणं उलट दिशेने, टिपणीत बसेल अशा शब्दांत पोचवणारी. असं काही जणांनी केलंही, पण आपापल्या जोरावर. तुमच्या आराखड्यात 'प्रसार' म्हणून जे एक पान शेवटी लागणार आहे, ते खरं तर हे काम आहे आणि त्याला निम्मं बजेट लागतं.

दुसरं उदाहरण याच्या उलट, आणि तुमच्या शहरातलं. प्रयास ही संस्था १९९४ ची. त्यांच्या ऊर्जा गटाने एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराचे आकडे उलगडून दाखवले, तेव्हा देशभर एन्रॉनवर घोषणा खूप होत्या आणि करारातली कलमं वाचलेली माणसं थोडी. पुढे २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या लेखी शिकायचं आहे ते वेगळंच. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. दरवाढीचा प्रस्ताव, जाहीर नोटीस, हरकतींना मुदत, सुनावणी, आणि आदेशात हरकती, त्यांवर कंपनीचं उत्तर व आयोगाचं मत, असा रस्ता तयार झाला. प्रयासने तो रस्ता धरला, ग्राहक प्रतिनिधी म्हणून तिथे वर्षानुवर्षं उभी राहिली, आणि कंटाळवाण्या दरपत्रकांत डोकं घालत राहिली. मोठ्या वादात नाव झालेली संस्था पुढचा मोठा वाद शोधत जाते. तिने त्याऐवजी कंटाळवाणी, ठरल्या वेळी भरणारी जागा निवडली, यात स्ट्रॅटेजी आहे. तुमच्यासाठी अशी जागा कोणती, हे शोधायला तुमच्या विश्वस्तांची एक पूर्ण बैठक खर्ची पडली तरी चालेल.

यातून एक उपकलम निघतं: तुमचे आकडे कोणीतरी फाडून बघणार आहे, त्या दिवसाची तयारी. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांचे निष्कर्ष मांडले. त्यावर शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिने ते निष्कर्ष बरोबर ठरवले. असा प्रसंग नऊ माणसांच्या संस्थेवर आला तर? कच्ची नोंद कुठे आहे, विहिरीचा क्रमांक कोणी लिहिला, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला, बाहेरच्या कोणी तपासलं, हे दहा मिनिटांत काढता आलं पाहिजे. आमच्याकडे एकदा दोन तालुक्यांच्या पाणीपातळीत फुटांचे आकडे मीटरच्या रकान्यात पडले होते. सुनावणीच्या आदल्या रात्री, अकरा वाजता, एका प्रशिक्षणार्थी मुलीच्या लक्षात आलं. तेव्हापासून बाहेरचा तपासनीस हा आमच्या बजेटमधला न कापायचा खर्च आहे. देणगीदार विचारतात, याने काय परिणाम साधतो? काही नाही, फक्त रात्री झोप लागते.

पैशाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय, पण इथे मी भराभर जाते, कारण बरंचसं तुमचा सीए सांगेल. परदेशी पैसा घेत असाल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत हवा, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे 'क्षेत्रातल्या भागीदार संस्था' असं आराखड्यात सुंदर लिहिलंत तरी त्यांना पैसा तुमच्यामार्फत जाणार नाही. भागीदाराचा करार देणगीदाराशी थेट व्हायला हवा, हे आधीच बोलून घ्या. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: संशोधन किंवा प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेत, क्षेत्रातली माहिती गोळा करणाऱ्या आणि तिचं विश्लेषण करणाऱ्या माणसांचा पगार त्याच कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. नेमणूकपत्रांत कामाचं वर्णन तसं स्पष्ट असू द्या. सीएसआरचा चालू प्रकल्प सुरू झाल्याचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा, त्यामुळे त्यावर पाच वर्षांची मांडणी करू नका. सल्ला-कामाची फी घ्यायला लागलात तर 'सर्वसाधारण लोकोपयोगी' उद्दिष्टाच्या संस्थेला एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, ती ओलांडली तर करसवलतच जाते. आणि वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करायचे असतात म्हणून राखीव निधी साठतच नाही, अशी तक्रार सगळे करतात. उरलेले १५ टक्के दरवर्षी बाजूला काढले, आणि कॉर्पस (कायम निधी) म्हणून लेखी देणगी मागायची लाज सोडली, तर चार-पाच वर्षांत सहा महिन्यांचे पगार जमतात. मी ते जमवलेत, म्हणून सांगते.

सीएपेक्षा तुम्हीच ठरवायची गोष्ट ही: कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत. मी संचालक असताना एका विभागाचं दोन वर्षांचं काम घेतलं. पैसे चांगले होते, उशिरा का होईना मिळालेही. पण त्याच विभागाने एक मसुदा काढला, त्यातली एक तरतूद सरळसरळ चुकीची होती, आणि आमची हरकत गेली ती तीन ओळींची, 'पुनर्विचार व्हावा' अशा भाषेत. कोणी दबाव आणला नव्हता, आम्हीच आपली जीभ आवरली. त्यानंतर नियम केला: ज्या यंत्रणेसमोर त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी हरकत किंवा सूचना द्यायची शक्यता आहे तिच्याकडून पैसा नाही. एका देणगीदाराचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका, असंही म्हणेन. तुमचा आत्ता साठ टक्के आहे. दीड वर्षात ते होणार नाही, पण आराखड्यात दरवर्षीचा आकडा लिहा, म्हणजे विश्वस्त दर तिमाहीला विचारतील.

माणसांबद्दल. तुमच्याकडे चार पीएचडी आहेत, आणि शासन निर्णय वाचून त्यातली मेख काढू शकेल असं कोणी नाही, हे तुम्हीच लिहिलंय. १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याचा कारभार मराठीत चालायचा आहे आणि नस्ती मराठीतच असते. तरी आपण अहवाल इंग्रजीत लिहितो आणि शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी भाषांतर करून घेतो. त्या भाषांतरात 'जलधर' (जमिनीखालचा पाणी धरणारा थर) आणि 'जलाशय' एकच होऊन बसतात. मराठीत पहिल्यापासून लिहिणारा एक माणूस नेमा. निवृत्त अवर सचिव किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला गटविकास अधिकारी अर्धवेळ मिळाला तर सोन्याहून पिवळं. आमच्याकडे असे एक गृहस्थ होते. संशोधकांचा मसुदा हातात घेऊन ते एकच विचारायचे, "याचा आदेश कसा निघेल?" सुरुवातीला मुलांना त्यांचा राग यायचा, नंतर तीच मुलं मसुदा लिहिण्याआधी त्यांच्या टेबलापाशी जाऊ लागली.

संस्थापक म्हणून तुमचं स्वतःचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण विश्वस्तांनी आराखडा मागितला त्यामागे हा प्रश्नही असतो, कोणी मोठ्याने म्हणत नाही इतकंच. कोणत्या तीन अधिकाऱ्यांचे फोन फक्त तुमच्याच मोबाइलवर येतात, त्यांची यादी करा आणि पुढच्या भेटींना एक सहकारी सोबत न्या. नवे विश्वस्त घेणार असाल तर एक जण तरी चाळिशीच्या आतला असू द्या, आणि बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करा. हे क्षुल्लक वाटतं, पण विश्वस्त मंडळाची नोंद अद्ययावत नसल्यामुळे अनुदान अडलेलं मी पाहिलंय.

मोजायचं काय? डाऊनलोड, ट्वीट, कार्यशाळांची उपस्थिती हे देणगीदाराच्या फॉर्ममध्ये भरा आणि विसरा. स्वतःसाठी एक वही ठेवा. तारीख, कोणी विचारलं, काय दिलं, किती दिवसांत दिलं, पुढे काय झालं. विशेषतः तिकडून आलेले फोन लिहा. 'अमुक तालुक्याचा आकडा आहे का हो तुमच्याकडे' असा फोन वर्षातून दोनदा यायचा तो दहादा यायला लागला, तर तुमचा आराखडा चाललाय. श्रेयाची अपेक्षा मात्र करू नका. आमचा एक परिच्छेद शासन निर्णयात स्वल्पविरामासकट आला होता, संस्थेचं नाव अर्थातच नव्हतं. देणगीदाराला ते कसं सिद्ध करून दाखवायचं यावर आमच्याकडे दोन दिवस खल झाला, शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो पाठवला.

पाच वर्षं की तीन, यावर विश्वस्तांशी भांडू नका. तीन वर्षांचं पक्कं लिहा, पुढच्या दोन वर्षांचं अर्ध्या पानात, आणि दर ऑक्टोबरला निर्णयांची यादी पुन्हा तपासा. सगळं मिळून आठ पानं पुरतात. चार-पाच निर्णय आणि त्यांच्या तारखा दोन पानांत, करणार नाही त्या गोष्टी एका पानात (हे पान सगळ्यात कठीण, ते आधी लिहा), माणसं, पैसा, राखीव निधी, आणि शेवटी मुख्य अनुदान मिळालंच नाही तर कोणती चार माणसं आणि कोणता एक विषय टिकेल ते. शेवटचं पान लिहिताना ऑफिसात कुजबूज होईल. तरी ते सगळ्यांसमोर लिहा, कारण ती कुजबूज तुमच्या पत्राआधीच सुरू झालेली असणार.

राहिला सल्लागार. सहा लाखांत तुम्हाला चार मुलाखती, एक कार्यशाळा आणि देखणी पीडीएफ मिळेल. त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या संस्थेतल्या अनुभवी माणसाला दोन दिवस बोलवा, प्रवासखर्च आणि बरं मानधन द्या. बैठकीत तुम्हाला आणि अध्यक्षांना गप्प बसवता येईल असा कोणीतरी हवा, एवढीच पात्रता. उरलेल्या पैशांत वर सांगितलेले निवृत्त गृहस्थ वर्षभर अर्धवेळ मिळतात. त्यांच्यासाठी खिडकीजवळचं टेबल ठेवा आणि पहिल्या दिवशी तुमचा सगळ्यात नावाजलेला भूजल अहवाल हातात द्या. आठवड्याने त्यांनी त्याची दीड पानाची मराठी टिपणी करून आणली, तर ती घेऊन पाणीपुरवठा विभागात जा.